स्थळप्रतीच्या पाठीवर

साडेनऊची तर सुटली की साडेदहापर्यंत
माझ्याकडे फाडायला तिकीट नसतं.
शास्त्री नदीला इथे खाडी म्हणतात.
तिलाही घाई नसते,
अर्धा दिवस ती उलटीच वाहते.

दुर्बीण आहे. डावी काच तडकलेली.
बार्जवरच्या एका खलाशानं उधारीपोटी ठेवली,
सोडवायला तो आला नाही.
डाव्या डोळ्यानं पाहिलं तर प्रत्येक पक्ष्यावरून
एक आडवी रेघ जाते.
म्हणून उजवा.

वहीला पैसे कशाला?
स्थळप्रती पाठीमागे कोऱ्याच असतात.
१४ ऑक्टोबर, पूर्ण ओहोटी: धक्क्याखाली निवटे, अकरा.
एकजण पाठीवरचा पर उभारून दुसऱ्याला दम देतोय,
हद्द बशीएवढी.
१५ ऑक्टोबर: पांढरी चिपी. रात्री फुलली असणार,
सकाळी नुसते केसर पाण्यावर,
कुणी दाढी करून गेल्यासारखे.
जागून बघायला हवं.
(बघितलं, नोव्हेंबरात. वटवाघळं आली होती.
डासही.)

शेवंती खारवीण कालवं फोडून परत निघते,
तरीची वाट बघत कोयती मांडीवर ठेवून बसते.
"काय लिवतोस रे?"
मी दाखवतो: चिखलातला खेकडा, एकच हात मोठा,
सारखा कुणाला तरी बोलावत असतो.
"त्यात खायला काय नाय," ती म्हणते,
"म्हणून त्याला नाव नाय."
मग टोपली डोक्यावर घेऊन, तरीत एक पाय ठेवल्यावर,
वळून ओरडते:
"माझी आयस त्याला तलाठी म्हणायची!
लांबून बोलावतो, नि जवळ गेलं की बिळात!"

तलाठी. लिहून घेतलं.
पुस्तकातलं नाव त्याखाली, बारीक अक्षरात.

तीन वर्षं मी घारी मोजल्या.
मासळी उतरते तेव्हा त्या वरून गिरक्या घेतात.
विटकरी पाठ, पांढरं डोकं: ब्राह्मणी घार,
ती शेंबडं पोरही ओळखेल.
उरलेल्या तपकिरी त्या साध्या.
सरासरी सतरा. माझ्या हिशेबात
आजवर पैशाची चूक नाही.

मुनिरा परकार आठवीत आहे, पलीकडच्या शाळेत,
तिचा पास मीच पंच करतो.
गेल्या गुरुवारी तिनं दुर्बीण मागितली,
लावली ती नेमकी डाव्या डोळ्याला,
आणि मी सांगेपर्यंत बराच वेळ बघत राहिली.
"काका, ह्या चार जणींची शेपटी गोल आहे.
घारीच्या शेपटीला खाच असते ना?
तुम्हीच सांगितलंत."

मीच सांगितलं होतं.

गोल. पसरलेल्या पंख्यासारखी गोल.
ब्राह्मणीचीच पिल्लं ती, अंगावर रंग न चढलेली.
तीन वर्षं माझ्या डोक्यावर
दुसरीच्या नावानं फिरत होती,
बांगडा मात्र बरोबर उचलत होती.

रात्री गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडल्या.
सतरातल्या गोल किती होत्या, आता कोण सांगणार?
प्रत्येक आकड्यापुढे लिहीत गेलो: बहुधा.
हा शब्द मी नोकरीत कधी वापरलेला नाही,
तिकीट असतं किंवा नसतं.
चाळीसेक 'बहुधा' झाल्यावर
हिनं आतून विचारलं, एकटेच काय हसताय?
वाईट वाटायला हवं होतं खरं तर.
पण वर बघायला एकदम
दुप्पट पाखरं झाली होती.

मुनिराला विचारलं, तुला दिसलं कसं?
म्हणाली, ती रेघ आहे ना काचेत,
तिच्यावर शेपटी आली की
वाकडं काय नि सरळ काय, लगेच कळतं.

आज ओहोटी जरा उशिरा.
बांधाच्या टोकाला एक चिखल्या, एकटा,
पाय पिवळट की हिरवट, उन्हात ठरत नाही.
दोन्ही डोळ्यांनी बघितलं.
मुनिराला सुट्टी, शेवंती कालवांवर.
लिहिलं: चिखल्या, कुठला तरी.
पुढे बोटभर जागा सोडली.
पलीकडून भोंगा झाला, तर निघाली.