वजा एक

बर्डीच्या दुकानात मोटवानीनं
नवा डबा तळहातावर ठेवून दाखवला,
अर्धा किलो पेढ्यांचा असतो ना, तेवढाच.
"चौदा कोर, साहेब. बत्तीस जीबी.
तुमचं रात्रभराचं काम
चहा निवायच्या आत."
किंमत मात्र पाठकोऱ्या चिठ्ठीवर लिहिली,
तोंडानं उच्चारली नाही.

घरी जुना डबा कूलरच्या तोंडाशी,
दोन विटांवर,
खालून हवा लागावी म्हणून.
बाहेर पंचेचाळीस, त्याच्या पोटात त्र्याण्णव.
पंखा असा घरघरतो
की भिंतीपलीकडच्या वंजारीबाई विचारतात,
"काय दळून राहिले जी रात्रभर?"

झाडं दळतो, वहिनी.
काटोलकडच्या बागांवर ड्रोन उडतो,
नऊशे फोटो घेऊन येतो.
हा डबा ते एकमेकांना शिवतो
आणि मग संत्र्याची झाडं मोजतो,
एकेक हिरवा ठिपका.
रात्री दहाला लावलं की सकाळी सहाला आकडा.
मधल्या वेळात मी झोपलेलो असतो
असं म्हणता येतं.

हिशेब मांडून पाहिला.
नव्या डब्यावर एका रात्रीत सहा बागा.
म्हणजे विमावाले सहा पाठवणार,
आणि सातवीसाठी फोन करणार.
वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात जमा होतो
हे काही चिठ्ठीवर नव्हतं.

"जुन्याचं फार कौतुक नको,"
मंदाकिनी म्हणाली.
"मंगळवारी पहाटे चारला तो बंद पडला
तेव्हा तुम्ही त्याला काय काय बोललात
ते पोरानं ऐकलं सगळं."
खरं आहे.
अडुसष्ट टक्क्यांवर गेला होता तो.
बत्तीस राहिले होते फक्त.

रविवारी उघडला त्याला.
चार स्क्रू, त्यातला एक झिजलेला.
आत धूळ नव्हती, नमदाच होता,
कूलरच्या गवताचा भुसा,
एक वाळका मुंगळा.
ब्रशनं झाडला. फुंकर मारली,
ती माझ्याच डोळ्यांत आली.
नवी पेस्ट, मोहरीएवढी.
झाकण लावून बागेला बसवला:
शहाऐंशी.
सात अंश उतरले.
सात अंश उतरले तर नागपुरात
लोक स्वेटर शोधतात.

मोटवानीला फोन केला,
"सोळाची बत्तीस करून दे. डबा तोच राहू दे."
"पैसे पाण्यात चालले साहेब,
बोर्डच म्हातारा आहे."
असेल.
चिठ्ठी अजून पाकिटात आहे,
घडीवर फाटत चाललेली,
आणि मी ती आठवड्यातून दोनदा तरी उघडतो.

काल धोटेंच्या बागेचा आकडा आला.
चौदाशे बारा.
धोटे म्हणाले, "चौदाशे अकरा.
मीच लावली ना बाप्पा,
मले नाही माहीत होणार काय?"
फोटो मोठा करत गेलो,
ओळीमागून ओळ, दुपारचे दीड तास.
बांधाच्या कडेला, विहिरीपाशी,
एक ठिपका ओळीत बसत नव्हता.
हिरवी छत्री.
कडेनं बाहेर आलेली चप्पल,
थोडं धोतर.
ड्रोनचा आवाज ऐकून
धोटे उभे राहिले असणार तिथे.

नव्यानंही त्यांना झाडच धरलं असतं,
लवकर धरलं असतं, एवढंच.

हातानं एक वजा केला.
खाली सही केली.