दोनाचा एक

पेठे बाई नववी ब मध्ये आल्या त्या घाईत,
हातात पिवळे फॉर्म.
'एसटीची मुलं उभी राहा.'

वनिता वरठा उभी राहिली.
खिडकीजवळचा बाक, मोज्यांना आरेची माती.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तोंडानं,
'लाल डबा आला रे!'
कुणी टिंग टिंग केलं.
तसं रोजचंच. उत्तरासाठी तिनं हात वर केला
की अर्धा वर्ग म्हणायचा, हात दाखवा, एसटी थांबवा.

'एकच?' बाई म्हणाल्या.
'ऑफिसनं दोनाचा आकडा दिलाय. नावं नाहीत.'

मी कंपासपेटी उघडली.
कर्कटक, गुण्या, टोक मोडलेली पेन्सिल.
सगळं जिथल्या तिथे होतं.

वनितानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं.
मे महिन्यात अंधेरीच्या तहसील कचेरीत
तिची आई, माझी आई एकाच बाकड्यावर,
पन्नास वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कुठून म्हणून
दोघी मिळून कारकुनावर वैतागलेल्या.
तिच्या आईनं फडक्यातली करवंदं पुढे केली
आणि माझ्या आईच्या बोलण्यात
कितीतरी वर्षांनी गावाकडचा हेल आला.
परतताना रिक्षात ती पुन्हा शहरातली झाली:
'दाखला ऑफिसात देऊ. पोरांत कशाला सांगायचं?
आपलं आडनाव कुठेही खपतं.'

वरठा खपत नाही.
वरठा म्हटलं की यांना पाडा दिसतो, बिबट्या दिसतो,
स्नेहसंमेलनात तारपा नाच दिसतो.
तिच्या डब्यात शेवळाची भाजी निघाली
तेव्हा खाज सुटेल म्हणून सगळ्यांनी बाक सरकवले.
मीही सरकवला.
गावी आत्या हीच भाजी काकडं घालून करते,
मी दोनदा वाढून घेतो.

'दुसरं कोण? लवकर बोला.'
पंखा कुरकुरत होता.

वनिता म्हणाली,
'बाई, तो मुलगा शाळा सोडून गेला.'

बाईंनी दोनाचा एक केला, पेनानं, गिरवून.
ती बसली. मी पेटी मिटली,
जरा जोरातच मिटली गेली.

बारावीनंतर तो दाखला मी वापरला,
प्रवेशाच्या खिडकीत, हळू आवाजात.
वनिता अकरावीला कुठे गेली, गेली का,
मी विचारलं नाही कुणाला.

नववी ब च्या हजेरीत
माझ्या नावापुढे एकही खाडा नाही.