आठ तास

कलिन्याच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या दोन थाळ्या. ओल्या गाळणकागदावर
वीस-वीस मूग, वाकोल्याला शेवंताक्काच्या गाळ्यावरून आणलेले.

पहिल्या थाळीत असं औषध
की पेशीला नवं काही लिहिता येऊ नये.
दुसरीत, लिहिलेलं वाचता येऊ नये.

सकाळी लिफ्ट बंद. धापा टाकत वर आले.
दुसरीतले मूग नुसतेच फुगलेले,
पाणी पिऊन गप्प.
पहिलीतले अठरा
साल फाडून पांढरं नाक बाहेर काढून.

म्हणजे आरएनएच्या चिठ्ठ्या आतच होत्या.
शेंग हिरवी होती तेव्हा
घाईघाईनं लिहून ठेवलेल्या,
मग दाणा वाळत गेला त्यांच्याभोवती,
गोणीत, गोदामात, पत्र्याच्या मापात.
पाणी लागलं, आणि रायबोसोम
जुनंच अक्षर लावत बसले,
त्यातून प्रथिनं, त्यातून हे एवढंसं मूळ.

वहीत आकडे मांडले. अठरा. शून्य.

संध्याकाळी वाकोल्याला गेले.
गाळ्यावर हल्ली सून बसते.
शेवंताक्का मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत,
उजवा हात कुणीतरी मांडीवर ठेवून दिलेला.
झटक्यानंतर नातवाचं नाव जिभेवर येत नाही.
माझ्याकडे बघितलं, ओळख नाही.

सुनेनं टोपात मूग ओतले, वर पाणी.
तो आवाज ऐकून म्हातारी बोलली, अगदी स्पष्ट:
“आठ तास. मग फडक्यात बांध. घट्ट नको.”

मी पाव किलो मागितले.
सुनेनं माप तिच्या डाव्या हातात दिलं.
शिगोशीग भरलं तिनं,
थोडे सांडले.