डोळ्यांचं दाखवायला

शिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात
गुरुवारी दोन डॉक्टर बसतात, एकाच व्हरांड्यात.
डाव्या दाराशी डोळ्यांचे.
उजव्या दारावरची पाटी कुणी मोठ्यानं वाचत नाही.
बाक एकच.

त्या बाकावर शालनवयनी भेटली.
टोपली नाही, चुंबळ नाही,
धुवट पातळ, हातात केसपेपर पालथा धरलेला.
"काय रे, तू हयसर?"
"डोळ्यांचा दाखवूक इलंय."
"मी पण," ती म्हणाली. "मोतीबिंदू."
मग उजव्या दाराकडे न बघता
आम्ही दोघं उजव्या दाराची वाट बघत बसलो.

मी काजूच्या कारखान्यात.
बी आमच्याकडे येते, बोंडू भट्टीवर जातो,
मी दोन्हीकडे जायचो.
चैत्रात उर्राक, ती संपली की
आरोंद्याच्या पुलापलीकडून येणारी.
पहिल्या ग्लासाला छातीतली कुर्ली नांग्या मिटायची.
कुर्लीच ती. कधी समोरून आली नाही.
पगाराच्या दिवशी, पोरीच्या बारशाला,
कुणी हाक मारली, नुसती हाक मारली, तरी
तिरकी चालत यायची बरगड्यांखालून.
तिसऱ्या ग्लासाला ती झोपायची. मीही.
रात्री तीनला दोघं जागे.

बायकोनं आरवलीला नेलं, वेतोबासमोर उभं केलं.
सोडली म्हण, म्हणाली.
मी त्याच्या पायाशी बघत होतो.
नव्या चामड्याच्या वहाणा, हातभर लांब,
बाजूला जुन्या, टाचा झिजलेल्या.
रात्रभर गावाची वेस चालतो म्हणतात.
मला शपथ सुचेना. वाटलं, विचारावं,
तुलाही झोप लागत नाही काय रे, बाबा?
सोडली, म्हटलं.
पाचव्या दिवशी हात असे थरथरले
की शर्टाची बटणं पोरीनं लावली.
सहाव्या दिवशी पुलापलीकडे.

उजव्या दाराआत लातूरकडची डॉक्टरीण, वयानं धाकटी.
किती घेता?
थोडी.
थोडी म्हणजे?
मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला.
ती दचकली नाही. लिहून घेतला,
मुकादम पोती लिहितो तसा.
म्हणाली, एकदम तोडू नका, जिवावर बेतेल.
गोळ्या देते. हळूहळू उतरू.
उतरू, म्हणाली. उतरा नव्हे.
घरी येईपर्यंत मी तो एक शब्द
तोंडात गोळीसारखा ठेवला होता.

सात महिने झाले. मध्ये दोनदा घसरलो,
एकदा शिमग्यात, एकदा काहीच कारण नसताना.
दोन्ही तारखा केसपेपरवर आहेत.

बाजारात शालनवयनी बांगडे मोजता मोजता
सगळ्यांदेखत विचारते,
"डोळे कशे आसत?"
"लांबचा दिसता. जवळचा धूसर."
"माजा उलटा," म्हणते, आणि एक बांगडा वर टाकते.
तिचं नेमकं काय, मी विचारलेलं नाही.
शेजारचं गिऱ्हाईक म्हणतं, चष्मा घ्या की दोघांनी.

गेल्या गुरुवारी ती आली नाही.
मी बाकावर पिशवी ठेवून तिची जागा धरली.
डोळ्यांचे डॉक्टर गेले. शिपायानं व्हरांडा झाडला.
मग सायकल वेळागरच्या वाटेला लावली.
दार लोटलेलं नव्हतं, आतून लावलेलं.
भर दुपारी खिडक्या बंद.
"वयनी," म्हटलं, "आज डोळ्यांची तारीख होती."

बराच वेळ नुसती समुद्राची गाज.

मग कडी.