निखळ

टेप फाडायला मला कात्री लागत नाही,
सव्वीस वर्षं झाली, दातही लागत नाहीत.
अंगठ्याभोवती आठाचा वेढा, चवड्याखालून ताण,
मग दुसरा वेढा पहिल्याला अर्धा झाकत.
दर शुक्रवारी असे चाळीस पाय
माझ्या मांडीवरून मैदानावर जातात.

सॉल्ट लेकच्या पश्चिमेला, विमानतळाच्या अलीकडे,
जिथे हिवाळ्यात डोंगरावर बर्फ आणि खाली धूर,
तिथलं आमचं मैदान बारा महिने हिरवं.
त्यात काही उगवत नाही.
प्लास्टिकच्या पात्यांत जुन्या टायरांचा काळा भुगा,
तो बुटांतून, मोज्यांतून माझ्या घरी येतो,
रात्री उशीखाली सापडतो.

सेमिसी फोनुआ, नंबर बहात्तर, एकशे अडतीस किलो.
त्याचं काम चेंडूला हात न लावणं.
समोरच्याला ढकलणं, आणि ढकलत राहणं.
एवढा मोठा पोरगा शेवटी कशावर उभा असतो?
टाच उचललेली,
खाली एक अंगठा.

चौथा डाव, दोन यार्ड.
आपलाच एक गडी मागून त्याच्या पोटरीवर कोसळला.
माती असती तर सरकली असती.
गवत असतं तर मुळासकट उपटलं असतं
आणि पाय सुटला असता.
प्लास्टिक कशाला सोडतंय.
बूट जागच्या जागी, अंगठा जागच्या जागी,
बाकीचा सेमिसी पुढे.

मी पोचले तेव्हा तो ओरडत नव्हता.
विचारत होता, "दोन यार्ड झाले का?"
झाले होते. वर चार बोटं जास्तच.

बूट कापला.
अंगठा पायावर उभा होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.
डॉक्टर विटलो म्हणाले, बघू नकोस.
त्याने बघितलं.

निखळलेलं सरळ ओढलं तर आणखी अडकतं.
आधी ते जिकडे गेलंय तिकडेच थोडं न्यायचं,
मग ओढायचं, मग खाली दाबायचं.
हे मला पंचविशीत कोणी सांगितलं असतं
तर धाकट्या भावाशी मी वेगळी बोलले असते.
टक्.
एवढाच आवाज, आणि त्यानंतर
सेमिसीच्या तोंडून निघालेला श्वास.

एक्स-रेत दोन दाणे दिसले.
अंगठ्याच्या बुडाशी, स्नायूत पुरलेली,
तिळावरून नाव पडलेली इवली हाडं,
असायला हवीत तिथून थोडी वर सरकलेली.
म्हणजे खालची पट्टी फाटली.
"थोडी म्हणजे किती?" त्याने विचारलं.
डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक दाखवलं.

आई, लोसालीन, हॉटेलातल्या कामाच्या कपड्यांवरच आली.
पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली.
मी म्हटलं, आज चोळायचं नाही, सूज आहे.
चोळत नाही, ती म्हणाली, नुसता हात ठेवते.
मग टाच ओंजळीत घेऊन
ती टोंगनमध्ये पायाशी बराच वेळ बोलली.
मला त्यातलं फक्त त्याचं नाव कळलं.

फेब्रुवारीत जिममध्ये सह्यांचा दिवस.
तीन मुलं टेबलामागे, डोक्यावर कॉलेजच्या नव्या टोप्या.
बहात्तर नंबर पहिल्या रांगेत,
पाय खुर्चीवर, सगळ्यांत जोरात टाळ्या.

आता मार्च. जमिनीवर टॉवेल पसरून
अंगठ्याने आपल्याकडे ओढायचा, हा व्यायाम.
घाम गाळून तो अर्धी वीत ओढतो,
थांबतो.
म्हणतो, चर्चच्या मागे खरं गवत आहे,
बर्फ वितळलंय. अनवाणी चालू का?

अजून नाही, मी म्हणते,
आणि टॉवेल पुन्हा सरळ करून देते.