चार लाख अकरा हजार तीस

स्टेशनाजवळच्या छाटणीघरात
रात्रपाळीला मी आणि ढेबेमामा.
समोर लाकडी खणांची भिंत,
खणाखणावर एकेक पेठ, एकेक पिनकोड.
हात आपोआप चालतात,
डोकं मात्र रिकामं बसतं.

एकदा गठ्ठा आपटून ते म्हणाले,
हा सदाशिव पेठेचा. नुसता वाटू नकोस, वाच.
शेवटी शून्य, म्हणजे दहा सुटला.
अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नऊही सुटला.
आता नव्वदानं भाग.

फाटक्या पाकिटाच्या पाठीवर मी भागलं.
चार पाच सहा सात.
पुन्हा भागलं.
चार पाच सहा सात,
शाळेच्या जिन्यावर पोरगी पायऱ्या मोजते तसं.

हे कुणी ठेवलं आत?
कुणी नाही गं, आपसूक आहे.
पण पेठेत बोलू नकोस कुठं,
आधीच तिथं शेजारी नांदत नाही.

मग म्हणाले, फोड आता हा.

सातानं भागला, तीन उरले.
अकरानं, दोन. तेरानं, चार.
सतरानं अकरा.
मधे हैदराबादच्या थैल्या आल्या, त्या उतरवल्या,
चहा झाला, त्रेचाळीसला नऊ उरले.
पहाटे सदुसष्टानं भागला
तर परत तेच अकरा,
सतराच्या दारात भेटलेले.
बस, मामा म्हणाले. एकाहत्तरचा वर्ग
याच्या डोक्यावरून जातो.
फुटत नाही हा.

म्हणजे एवढी पत्रं ओळीनं मांडली
तर ओळ एकच.
दोन सारख्या ओळी नाहीत, तीन नाहीत.
एवढ्या फरशा असत्या
तर दोन चौरस अंगणंही नसती भरली नेमकी.
चारानं भागून तीन उरणाऱ्याला
ते जमतच नाही.

आता यंत्र वाचतं.
भागत नाही, ढकलतं.

परवा मामांचं कार्ड आलं, भोरहून.
अक्षर हललेलं.
गुडघे, भात, सून, आणि खाली
चार लाख बारा हजार दोनशे सहा.
बाकी काही नाही, प्रश्नसुद्धा नाही.

बसल्या बसल्या फोडला.
दोन. तीन. तेवीस. एकोणतीस. एकशे तीन.
कुठंच अडला नाही.
मी पेन खाली ठेवलं.

उत्तराच्या पाकिटावर
पिनकोड शेवटी लिहायचा असतो.
मी आधी लिहिला.