साक्षीतला च

सत्र न्यायालयात दुभाषी म्हणून मला एकवीस वर्षं झाली.
आजवर कुणी माझ्याकडे
एका अक्षराचा हिशेब मागितलेला नाही.

इंग्रजीनं जोर द्यायला बरीच माणसं ठेवली आहेत.
व्हेरी आहे, मंडपवाल्याच्या खुर्चीसारखा,
बारशाला तोच, बाराव्यालाही तोच.
ॲब्सोल्यूटली येतो तो कोट घालून.
ॲक्च्युअली आधी घसा खाकरतो.
रिअली बिचारा शपथा इतक्या घेतो
की मला त्याचाच संशय येतो.
आणि डिड.
हा क्रियापदाच्या पुढे उभा राहून
टेबलावर बोटाचं पेर आपटतो.
"यू डिड हिअर द नॉक," दमणिया वकील म्हणाले,
आणि खरोखरच त्यांची अंगठी लाकडावर वाजली.

"तुम्ही थाप ऐकली होतीत," मी म्हटलं.
कमी पडलं असं वाटून पुन्हा म्हटलं,
"ऐकलीच होतीत."

यमुना घाडीगावकर, वय एकोणपन्नास, राहणार शिवडी.
लालबागला डंकावर मिरच्यांची देठं खुडते.
पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा
पुढच्या बाकावरचा शिपाई शिंकला.
ती म्हणाली, पॅसेजात काळाकुट्ट अंधार होता.
म्हणाली, संध्याकाळी नळावर दिसली तेव्हा
पोरीचा गाल लालभडक होता.
मी व्हेरी रेड दिलं.
भडक माझ्या तोंडातच विझला.
कुट्टचंही तेच. आमच्याकडे काळ्याचा कुट्ट वेगळा,
हिरव्याचा गार वेगळा, पिवळ्याला धमक,
एकाचा सदरा दुसऱ्याला होत नाही.
स्टेनोची बोटं पुढं गेली होती.

मग ती थांबली.
कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं काढत राहिली.
"तीन वेळा वाजवलं तिनं.
काकी म्हणाली. एकदाच म्हणाली.
मी दार उघडलंच नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता.
आय डिड नॉट ओपन द डोअर.
इथं डिड आहे, पण हा तो नव्हे,
हा नुसता नकाराची पिशवी धरायला आलाय.
ॲट ऑल जोडावं? त्यात ठसका आहे,
भांडणातल्या बाईसारखा.
जस्ट म्हणावं तर ती जणू कूस बदलून झोपली.
नेव्हर फार लांबचा.
त्या च मध्ये कडीवर ठेवलेला हात होता,
मधल्या खोलीत झोपलेला नवरा होता,
उद्या याच चाळीत राहायचं होतं,
आणि थाप थांबल्यावरही
ती किती वेळ तिथं उभी होती, ते होतं.

"आय डिड नॉट ओपन द डोअर," मी म्हटलं.
स्टेनोनं पूर्णविराम दिला.

दुपारी लेकीचा फोन आला, कॉलेजातलं काहीतरी सांगत होती.
"आई, लिटरली मेले मी हसून."
मी म्हटलं, डबा खाल्लास का?

चार वाजता साक्ष वाचून दाखवायची असते.
कागद हातात घेऊन
मी इंग्रजीतून परत मराठीत आणत गेले,
वाक्यामागून वाक्य, ती मान हलवत होती.
"थाप ऐकली." हो.
"काकी अशी हाक ऐकली." हो.
"मी दार उघडलं नाही."

तिची मान थांबली.
"उघडलंच नाही, बाई," ती म्हणाली.
आवाज चढवला नव्हता,
भाजीवाल्याला सुटे कमी आले की सांगतात तसं सांगितलं.

दमणियांनी घड्याळ पाहिलं. साहेब पुढची फाईल चाळत होते.
मी पेन तिच्यापुढं धरलं,
सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं
आणि म्हटलं,
"हो हो, तेच लिहिलंय."